न वाळलेला घाम

कालपासून हवा पडली आहे. लिंबाचं पान हलत नाही, तुतीचे शेंडे जागच्या जागी ताठ उभे आहेत, आणि डोंगराकडून आलेले ढग गावावर येऊन थांबले ते थांबलेच. सकाळी दोरीवर टाकलेला पंचा चार वाजता काढायला गेलो तर दमटच होता. मी तो हातात धरून बराच वेळ उभा राहिलो. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, याचं डोकं फिरलंय. फिरलंच आहे. चार वर्षं झाली, या दिवसांत मी कपडे वाळतात की नाही हे बघत हिंडतो.

रोहिणी संपतात, मृग लागतो, आणि पाऊस मात्र येत नाही. मधले हे आठ-दहा दिवस. एप्रिल-मेचा आमचा उन्हाळा सगळ्यांना माहीत असतो, त्याचं आम्हाला कौतुकही असतं. मुंबईहून आलेल्या पाहुण्याला इथला कुणीही छाती काढून सांगतो, "आमच्याकडं बेचाळीस असतंय, पन तुमच्यासारखा घाम येत न्हाई." हे खोटं आहे. घाम येतो, दिसायच्या आत वाळतो इतकंच. मलाही हे वयाच्या पन्नाशीनंतर कळलं, आणि ज्या रीतीनं कळलं त्या रीतीनं कुणाला काही कळू नये.

या मधल्या दिवसांना कुणी उन्हाळा म्हणत नाही. पारा दोन-चार अंशांनी उतरलेला असतो, डोक्यावर ढगांची सावली असते, लोक आभाळाकडे बघून खूश असतात. उकडतंय, गदमदतंय, जीव घाबरा होतोय, असं सगळे म्हणतात, पण तक्रारीच्या सुरात नाही. हे झालं की पाऊस येणार, म्हणून ते सोसायचं असतं. सोसण्यात आम्ही तरबेज आहोत. त्यामुळे या दिवसांत माणूस मरतो हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

दादाचं सांगतो.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, अंगापिंडानं उभा-आडवा, आणि घरात बसणं ही शिक्षा समजणारा. आयुष्यभर तो लिंबाखाली बाजेवर झोपला. थंडीत हरभऱ्याच्या राखणीला जायचा तेव्हा मला बरोबर न्यायचा. संध्याकाळी तो हरभऱ्यावर एक धुतलेलं जुनं धोतर पसरून ठेवायचा आणि सकाळी ऊन पडायच्या आत ते पितळी वाटीत पिळायचा. त्या पाण्याला आंब म्हणतात. चवीला झोंबणारी, दात आंबवणारी. पोट दुखलं की बाया घरोघर तिची बाटली शोधत फिरतात. धोतर पिळताना दादाच्या दंडाच्या शिरा फुगायच्या आणि मी विचारायचो, रात्री पाऊस नाही, काही नाही, मग हे पाणी आलं कुठून? दादा म्हणायचा, "वाऱ्यात असतंय. गार पडलं की खाली उतरतंय." शाळेत मास्तरांनी पुढे दवबिंदूची व्याख्या घोकून घेतली, तिच्यात याहून जास्त काही नव्हतं. मला ती पाठही झाली होती.

मग एका पोळ्याच्या सकाळी दादाला लकवा मारला. डावी बाजू गेली. जीभ जड झाली, पण बोललेलं कळायचं, आणि डोकं तर पहिल्यासारखंच चालायचं. बोलणं तोडकं झालं तसं ते जास्तच टोचायला लागलं. आम्ही त्याची बाज लिंबाखालून उचलली आणि मागच्या स्लॅबच्या खोलीत नेली. का? कारण आजारी माणूस बाहेर पडलेला बरा दिसत नाही. उन्हाच्या झळा लागतील, धूळ बसेल, येणारा-जाणारा बघेल. त्याला सुखात ठेवायचं असं आम्ही ठरवलं. त्याला विचारलं नाही. ज्याला उठता येत नाही त्याचं सुख दुसऱ्यांनी ठरवायचं असतं, असा काहीतरी कायदा घराघरात असतो, आमच्याही घरात होता.

खोली चांगली होती. एक दार, एक खिडकी, खाली शहाबादी फरशी. पहिले दोन उन्हाळे पंख्यावर निघाले, तिसऱ्याला मी बीडहून पत्र्याचा मोठा कूलर आणला. खरं तर तो खिडकीत बसवायचा असतो, तोंड आत आणि पाठ बाहेर, म्हणजे तो बाहेरची कोरडी हवा ओढतो. पण खिडकीला गज होते. गज कापायचे तर वेल्डिंगवाला बोलवा, त्याच्या मागे लागा. मी कूलर खोलीतच कोपऱ्यात स्टँडवर ठेवला. टाकीत पाणी भरलं, पंप चालू केला, गवताच्या जाळ्या भिजल्या, आणि खोलीभर वाळ्याचा वास सुटला. दादा डोळे मिटून म्हणाला, "हां, आता कसं." एप्रिलचा महिना होता. कूलर कुठेही ठेवा, हवाच इतकी कोरडी होती की तिला कितीही पाणी पाजलं तरी ती पीत होती.

आणि वहिनींना, म्हणजे दादाच्या बायकोला, मी बजावून सांगितलं, "वहिनी, खिडकी लावून घेत जा. पडदा पाडा. गार हवा बाहेर जाते." ही अक्कल मी कुठून आणली तेही सांगतो. बीडला एका दवाखान्यात एसी होता, आणि कुणी दार उघडं टाकलं की तिथला माणूस अंगावर ओरडायचा. एसी आणि कूलर हे माझ्या लेखी भाऊ-भाऊ. एक पाणी हवेतून काढतो, दुसरा हवेत घालतो, हे मला ठाऊक नव्हतं. वहिनींनी मात्र माझा शब्द झेलला. मी कॉलेजपर्यंत गेलेला. घरात यंत्राचं काही असलं की भाऊजींना विचारा, ही रीतच होती. त्यांनी खिडकीच्या फटीत जुन्या साडीच्या चिंध्याही कोंबल्या.

आता जे सांगायचं त्याची मला जास्त लाज वाटते. हवेतल्या ओलीबद्दल मी अडाणी असतो तर गोष्ट वेगळी होती. मी अडाणी नव्हतो. माझी रेशमाची शेड आहे. घरापासून चाळीस पावलांवर. रेशमाच्या अळ्यांना आम्ही किडेच म्हणतो, आणि त्या किड्यांइतकं नाजूक जनावर मी बघितलेलं नाही. त्यांना ऊन जास्त चालत नाही, ओल जास्त चालत नाही, कमी तर मुळीच चालत नाही. म्हणून प्रत्येक शेडमध्ये एक लाकडी पट्टी टांगलेली असते, तिच्यावर दोन तापमापक. एक कोरडा. दुसऱ्याच्या फुग्याला कापडाची वात गुंडाळलेली, वातीचं टोक पाण्याच्या कुपीत. वातीचं पाणी उडतं तसा तो फुगा गार होतो आणि त्याचा पारा कोरड्यापेक्षा खाली राहतो. हवा कोरडी असली की फरक मोठा. हवा ओलीनं भरली की पाणी उडायला जागा उरत नाही, फरक लहान होत जातो. प्रशिक्षणाला आलेल्या साहेबांनी आम्हाला सांगितलं होतं, आकडे विसरलात तरी चालेल, फरक विसरू नका.

मी फरक विसरलो नाही. दिवसातून तीनदा बघायचो. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला. वहीत लिहायचो. दादाला त्याची फार गंमत वाटायची. मी खोलीत डोकावलो की विचारायचा, "काय म्हनतो तुपला पारा? किड्यायला बरं वाटतंय का आज?" एकदा म्हणाला, "त्यायचा पारा दिसातून तीनदा बघतो. मपला कोन बघनार बे?" आम्ही दोघंही हसलो. वहिनी चहा घेऊन आत येत होत्या, त्याही हसल्या.

मग ते दिवस आले. वारा पडला, ढग आले. मिठाच्या बरणीत पाणी सुटलं, काडेपेटी पेटेना, पापड डब्यात लोळागोळा झाले. फ्रीजमधल्या पाण्यानं तांब्या भरला की बघता बघता तो बाहेरून पाझरायचा आणि फरशीवर गोल ओलं वर्तुळ उमटायचं. वहिनी ते बघून म्हणाल्या, "तांब्याला घाम फुटला. येतोय आता पाऊस." मे महिन्यात तोच तांब्या, तेच पाणी, आणि बाहेरून ठणठणीत कोरडा असायचा. हे आम्ही सगळ्यांनी बघितलं आणि पाऊस जवळ आला म्हणून खूश झालो.

दादानं आणखी एक गोष्ट बघितली. म्हणाला, "माठातलं पानी गार लागंना." वहिनींनी चाखून बघितलं, खरंच कोमट होतं. त्यांनी दोष माठाला दिला. दोन वर्षांचा माठ, बूड शेवाळलं असेल, छिद्रं बुजली असतील. वडवणीच्या बाजाराला कोण जाणार होतं त्याच्याकडून त्यांनी नवा माठ मागवला, वाजवून घेतलेला, पक्का भाजलेला. तो दिवसभर पाणी पाजून भिजवला, मग भरला. त्यातलंही पाणी कोमटच. मग वहिनींनी बाजारातल्या कुंभाराला दोष दिला. हल्ली मातीच तशी येती, म्हणाल्या. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी उडून जातं, म्हणून आतलं गार होतं. हवेनं पाणी घ्यायचं थांबवलं की जगातला कुठलाही माठ काही करू शकत नाही. माणसाच्या कातडीचंही नेमकं तसंच असतं. तो माठ आम्हाला पाच दिवस सांगत होता आणि आम्ही कुंभाराला शिव्या देत होतो.

दादा बेचैन झाला होता. मी गेलो की म्हणायचा, "कूलर बंद कर. अंगावर ओलं फडकं टाकल्यावानी होतंय."

"बंद केला तर भाजशील दादा. वर स्लॅब तापलाय."

"मग लिंबाखाली टाक मला."

"बाहेर झळा हायेत."

"झळाच बऱ्या रे," तो म्हणाला. "झळंत अंग तर वाळतं."

मी टाकीत बर्फाची लादी टाकली. पंप रात्रंदिवस चालू ठेवला. आजारी माणूस चिडचिड करतो, तिकडे लक्ष द्यायचं नसतं, हे मला कुणी शिकवलं कोण जाणे, पण पक्कं शिकवलं होतं. एकदा त्याच्या छातीवरून हात फिरवला तर बनियन पिळून काढावं इतकं भिजलेलं. मी वहिनींना म्हणालो, "घाम येतोय ते चांगलंय. अंग निवतं." त्या वाक्यातला एकेक शब्द अजून माझ्या कानात आहे.

शेडमध्ये किडे शेवटच्या अवस्थेत होते. या वयात ते दिवसभर खातात आणि हजारो तोंडं पाला कुरतडतात तेव्हा बारीक पाऊस लागल्यासारखा आवाज होतो. त्या जूनमध्ये पावसाचा आवाज तेवढाच होता. त्या दिवशी सकाळी दहाला मी पट्टी बघितली. कोरडा तेहेतीस, ओला तीस. फरक तीन. मोठ्या किड्यांना इतकी ओल चालत नाही, दोन दिवसांत रोग पडतो, बॅच जाते. मी धावाधाव केली. शेडच्या बाजूंना थंडाव्यासाठी लावलेली ओली बारदानं ओढून काढली. जाळ्या चारी बाजूंनी वर गुंडाळल्या. खालचा थर कोरडा व्हावा म्हणून चुना भुरभुरला. घरातला उभा पंखा उचलून शेडमध्ये लावला. आतलं तापमान दोन अंशांनी वाढलं, पण मी घाबरलो नाही, कारण मला माहीत होतं की वाढलेल्या दोन अंशांपेक्षा साचलेली ओल जास्त वाईट. दुपारी फरक सहावर गेला तेव्हा मी जमिनीवर बसून पाणी प्यालो. किडे खात होते. मला फार बरं वाटलं.

तिथून मी घरी आलो. हातपाय धुतले. दादाच्या खोलीत गेलो, कूलरची टाकी काठोकाठ भरली, पडदा नीट पाडला, खिडकी लागलेली आहे ना बघितलं, आणि जेवायला बसलो.

वहिनी साडेतीनला चहा द्यायला गेल्या आणि त्यांनी हाक मारली ती नेहमीची हाक नव्हती. दादा भलतंच बोलत होता. हरभऱ्याला पाणी सोडलं का, असं कुणालातरी विचारत होता. डोळे वर गेले होते, अंग भट्टीसारखं, आणि तरी सगळं ओलं. आम्ही जीपमध्ये घातलं. वडवणीत सलाइन लावलं, तिथून बीडला. डॉक्टर तरुण होते. मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, कुठे होते, उन्हात? मी जवळजवळ रागावूनच म्हणालो, "न्हाई हो साहेब, घरात. कूलर चालू होता." त्यांनी विचारलं, खिडकी? मी म्हणालो, "बंद. कडेकोट." त्यांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि काही न बोलता कागदावर लिहायला लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी दादा गेला. लोक म्हणाले, सुटला. तीन वर्षं खाटेवर होता, सुटला बिचारा. भेटायला येणारा प्रत्येक जण हाच शब्द घेऊन आला. मला त्या प्रत्येकाचं तोंड दाबावंसं वाटलं. पण त्या शब्दाच्या आडोशाला मीही उभा राहिलो, हेही खरं आहे.

ती बॅच उत्तम निघाली. कोष टणक, पांढरेशुभ्र.

डॉक्टरांनी न बोललेलं मात्र डोक्यातून जाईना. तेराव्यानंतर वहिनी चार दिवस माहेरी गेल्या. त्या साली पाऊस तोवरही आला नव्हता, हवा तशीच होती. मी शेडमधली पट्टी काढून आणली आणि दादाच्या बाजेशेजारच्या खिळ्याला टांगली. टाकी भरली, खिडकी लावली, पडदा पाडला, कूलर चालू केला आणि त्याच्या जागेवर आडवा झालो. पहिली दहा मिनिटं छान वाटलं. मग घाम यायला लागला. तो वाळेना. गळ्याशी साचून मानेमागे ओघळायला लागला. कूलरचा वारा अंगावर येत होता आणि तो वारा नुसतं ओलं लोटत होता. तासाभरानं उठून बघितलं. कोरडा तेहेतीस. बाहेर लिंबाखाली त्या वेळी सदतीस असावं. म्हणजे खोली गारच होती, त्यानंच तर आम्ही फसलो. ओला बत्तीस. फरक एक. किड्यांच्या शेडमध्ये फरक तीन झाला तेव्हा मी जिवाच्या आकांतानं धावलो होतो.

मी तिथेच फरशीवर बसून रडलो. एकटा होतो म्हणून मोठ्यानं रडलो.

त्यानंतर मी या विषयाच्या मागेच लागलो. आता मोबाईलवर सकाळी हवामान बघतो. लोक तापमान बघतात, मी खालची बारीक ओळ बघतो, दवबिंदू. हवा किती अंशांपर्यंत थंड झाली म्हणजे तिच्यातलं पाणी बाहेर येईल, तो आकडा. दव म्हटलं की मला हरभऱ्यावरचं धोतर आठवतं. थंडीत तो आकडा खूप खाली असतो, दहाच्या आसपास, आणि पहाटेची हवा तिथपर्यंत खाली उतरते. म्हणून धोतर भिजतं. मे महिन्याच्या दुपारीही तो खालीच असतो, म्हणून बेचाळिसातही घाम वाळतो. जूनमध्ये तो आकडाच वर चढत येतो. वीस, बावीस, पंचवीस. फ्रीजच्या पाण्याचा तांब्या त्याच्या खाली असतो, म्हणून त्याला घाम फुटतो. आणि बंद खोलीत पाण्याचा कूलर लावला की तो आकडा आणखी वर, तिशीच्या पुढे, माणसाच्या कातडीच्या जवळ येऊन बसतो. मग कातडीवरचं पाणी जाणार कुठे? घाम येण्यानं माणूस गार होत नाही, घाम वाळण्यानं होतो. एवढं एक वाक्य. गावात मी हे कितीतरी जणांना सांगितलं. खिडकी उघडी ठेवा, कूलर खिडकीत बसवा, हवा दमट झाली की पाणी बंद करून नुसता पंखा लावा, म्हाताऱ्यांना झाडाखाली आणा. लोक ऐकतात. काहींनी गज कापून घेतले.

एका माणसाला तेवढं सांगितलं नव्हतं.

दादा गेल्यावर वहिनी त्या खोलीत राहायला लागल्या. बाज तीच, कूलर तोच. आता त्याही पासष्टीला आल्या आहेत, ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे. आणि या दिवसांत दुपारी त्या कूलर लावून, पडदा पाडून, खिडकी बंद करून पडतात. मी काही निमित्तानं जातो आणि खिडकी उघडून येतो. अर्ध्या तासानं बघावं तर बंद. मी म्हणतो, "वहिनी, वारं येऊ द्या." त्या म्हणतात, "गार हवा जाती भाऊजी. तुमीच सांगितलंत की." माझंच वाक्य, माझ्याच शब्दांत. खरं कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं. त्यांनी आपल्या हातानं त्या फटी बुजवल्या होत्या. त्यांच्या हातांना मी हे कसं सांगणार होतो? म्हणून तीन वर्षं दर जूनमध्ये मी नुसती खिडकी उघडत राहिलो आणि त्या नुसती लावत राहिल्या.

काल त्यांना चुलीपाशी चक्कर आली. आज दुपारी मी गेलो तर खिडकी बंद, कूलर चालू, आणि त्या बाजेच्या कडेवर बसलेल्या. तोंड लाल, पोलक्याच्या बाह्या दंडाला चिकटलेल्या, पदरानं गळा पुसतायत आणि तो पुसला जात नाही. मी कूलरचं बटण बंद केलं. खाली बसलो. आणि सांगितलं. शेडमधली पट्टी, फरक, खिडकी, डॉक्टर, सगळं. मला वाटलं होतं चार वर्षं जपलेलं बोलायला तास लागेल. पाच मिनिटंही लागली नाहीत.

वहिनी खाली बघत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मला ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"त्यायनी दोनदा म्हनलं त्या दिशी. तुमी शेडमधी होता तवा. खिडकी उघड म्हनले. जीव जातोय म्हनले. मी म्हनलं, उघडली तर भाऊजी रागं भरतील. त्यायला समजतं, आपल्याला न्हाई. मंग ते काई बोललेच न्हाईत."

मी विचारलं, "मग आता कावून लावता वहिनी? माहीत हाय तर?"

त्यांनी खिडकीकडे बघितलं. "आता उघडी ठिवली," त्या म्हणाल्या, "तर तवा बी ठिवता आली असती, असं होतंय."

मी उठलो, शेडमधून पेचकस आणला. खिडकीच्या दोन्ही पल्ल्यांच्या बिजागऱ्यांना गंज चढला होता, स्क्रू फिरेनात. तेल सोडलं, पुन्हा जोर लावला. वहिनी आधी नुसत्या बघत होत्या, मग उठून त्यांनी पल्ला खालून धरला, पडू नये म्हणून. एक निघाला. दुसरा निघाला. फटीतल्या चिंध्या फरशीवर पडल्या. मी पल्ले भिंतीला टेकवून ठेवले. बाहेर वारा फारसा नव्हताच, तरी पडदा किंचित आत आला आणि वहिनींच्या कपाळावरचे केस हलले.

वहिनी त्या मोकळ्या चौकोनासमोर उभ्या राहिल्या. एक हात गजावर.

"एवढंच करायचं होतं व्हय भाऊजी?"

"एवढंच," मी म्हणालो.